वीस संगणकांसाठी एकच उत्तरपत्रिका

प्रश्न : शाळेत २० जुने संगणक आहेत. प्रत्येकावर पेनड्राइव्हने लिनक्स टाकण्यात दिवसचे दिवस जातात. नेटवर्कवरून जमेल का? – एक शिक्षक, सानगडी (जि. भंडारा)

उत्तर : सर, नक्की जमेल. एका संगणकाला सर्व्हर करा, त्यावर बाकीच्यांना बूट फाइल पुरवणारा ‘डीएनएसमास्क’ बसवा. आयपी पत्ते राउटर वाटत असेल, तर हा प्रोग्रॅम ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ पद्धतीनेच चालवा. दोघेही पत्ते वाटू लागले की घोळ होतो. बाकीच्या संगणकांत नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर ठेवा. जुन्या बायोसची बूट फाइल वेगळी, यूईएफआयची वेगळी. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

डेबियन घेतलेत तर इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे ‘प्रीसीड’ फाइलमध्ये आधीच लिहिता येतात : भाषा, कीबोर्ड, भारतीय वेळ, पासवर्ड. पासवर्ड उघडा लिहू नका, हॅश करून टाका. डिस्कच्या विभागणीची उत्तरे लिहिताना मात्र फार जपा. ती दिली की इन्स्टॉलर न विचारता डिस्क पुसतो. मुलांचे काम आधी दुसरीकडे उतरवून घ्या, आणि काम झाल्यावर बूटक्रम परत डिस्कवर आणा. नाहीतर पुढच्या वेळी संगणक सुरू करताच सगळे पुन्हा पुसले जाईल.

इंटरनेट संथ असेल तर सर्व्हरवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ ठेवा. पॅकेज एकदाच उतरते, मग ३१४२ पोर्टवरून सगळ्यांना मिळते. त्यासाठी आधी एकच संगणक पूर्ण करा, उरलेले नंतर लावा.