पान अडखळतं, कारण कामं एकाच दारातून जातात

प्रश्न: नळदुर्ग किल्ल्याची माहिती देणारं संकेतस्थळ मी बनवतोय. पाणीमहालाची छायाचित्रं सरकवताना स्वस्त मोबाइलवर पान अडखळतं. त्याच वेळी शोधसूची तयार होत असते, भेटींची नोंदही चालू असते. काय करावं?
– एक वाचक, नळदुर्ग

उत्तर: पान रंगवणं, बोटाला प्रतिसाद देणं आणि तुमची जावास्क्रिप्ट हे सगळं एकाच मुख्य थ्रेडवर चालतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. शोधसूचीचं काम त्याहून लांबलं, की पान अडखळणारच.

अशी कामं 'रिक्वेस्टआयडलकॉलबॅक'कडे सोपवा. ब्राउझरला उसंत मिळाली की तो तुमचं फंक्शन बोलावतो. किती वेळ उरलाय, ते 'टाइमरिमेनिंग' सांगतं. जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद. एकेका बुरुजाची नोंद सूचीत घाला, वेळ संपत आला की थांबा आणि उरलेल्या कामासाठी पुन्हा नंबर लावा. भेटींची नोंद रखडू नये म्हणून 'टाइमआउट' द्या. पानावरचे दृश्य बदल मात्र 'रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम'मध्येच करा. सफारीच्या अनेक आवृत्त्यांत 'रिक्वेस्टआयडलकॉलबॅक'ची सोय नाही. तिथे 'सेटटाइमआउट' वापरा.

आणि तपासणी कराल ती स्वस्त मोबाइलवरच करा. तुमचे बरेच वाचक तिथेच असतील.