देवराई : देवाचे पहिले मंदिर

कोकणातील पुष्कळ ग्रामदेवतांना मुळात कळस नव्हता, सभामंडपही नव्हता. काळकाई, सोमजाई, वाघजाई अशा देवता दाट झाडीत, उघड्यावर किंवा साध्या छपराखाली पाषाणरूपाने नांदत. त्या झाडीस देवराई म्हणतात. रत्नागिरीकडे देवरहाटी असेही नाव आहे. तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळके लाकूडही घरी न्यावयाचे नाही, आणि देवकार्यासाठी झाड हवे झाल्यास कौल लावूनच तोडावयाचे, असा कित्येक गावांचा नेम होता. हा नेम केवळ भीतीपोटी पाळला गेला असे समजणे योग्य नव्हे. त्याचे फळ काय, ते पाहू.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील पट्टीत चार महिने मुसळधार पाऊस कोसळतो. बोडक्या डोंगरावरून ते पाणी माती घेऊन समुद्रास मिळते. राईत ते पाचोळ्यावर अडते, जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात झऱ्याच्या रूपाने परत येते. दुसरे असे की, धनेश पक्ष्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते व चोचीपुरती फट ठेवून तोंड लिंपते. नर तिला बाहेरून फळे भरवितो. त्या फळांच्या बिया रानभर पसरून नवे वृक्ष उगवतात. रोपास अशी ढोली यावयास कित्येक दशके लागतात. म्हणून ‘एक तोडू, दहा लावू’ हा हिशेब येथे जुळत नाही.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाचे उदाहरण मननीय आहे. तेथील देवराई तोडीसाठी निवडली गेली, तेव्हा ग्रामस्थांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांच्याकडे साह्य मागितले. वर्तक व माधव गाडगीळ यांनी जाऊन पाहिले. ज्या झाडीकडे सरकारी नजर केवळ लाकूड म्हणून पाहत होती, तिच्यातूनच गावाच्या पाण्याचा ओढा निघत होता. या दोघांनी अधिकाऱ्यांकडे रदबदली केली आणि राई वाचली. श्रद्धा ग्रामस्थांची, शास्त्र अभ्यासकांचे. दोन्ही एकत्र आली तेव्हा कार्य झाले.

हीच जाणीव पुढे विस्तारली. नोव्हेंबर १९८७ मध्ये उत्तरेस नवापूर व दक्षिणेस कन्याकुमारी येथून पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली. दोन्ही तुकड्या फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात फोंडा येथे भेटल्या. गोव्यातच २०२० पासून मोले येथील अभयारण्यासाठी नागरिक उभे राहिले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

आता जो प्रश्न आपल्या उंबऱ्याशी येतो तो पाहू. देवराई नेहमी परक्याच हातून तुटते असे नाही. गावोगावी जीर्णोद्धार निघतात, शहरांतील भक्त सढळ हाताने वर्गणी देतात, आणि सिमेंटचा मंडप व मोटारीचा रस्ता यांसाठी देवीच्याच राईतील वृक्ष पडतात. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. वृद्धांना सावली हवी, यात्रेकरूंना पाणी हवे, हेही खरे. परंतु ज्या वृक्षांनी शतकानुशतके सावली दिली आणि पाणी राखले, तेच तोडून ही सोय करणे म्हणजे गंगाजळासाठी गंगाच आटविणे होय.

बेगम बाजारात दुकान थाटून बसलेल्या आपल्यापैकी ज्यांचे मूळ घर कोकणात वा घाटमाथ्यावर आहे, त्यांच्याकडे अशी पावतीपुस्तके येतात. वर्गणी अवश्य द्यावी. मात्र देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. या कामात किती झाडे जाणार आहेत? बांधकाम राईबाहेर करता येणार नाही काय? राईची जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, आणि तिचे रक्षण कोण करतो? गावकऱ्यांस हे प्रश्न रुचतील, कारण नेम मूळचा त्यांचाच आहे.

व्यापारात मुद्दल राखून व्याजावर निर्वाह करणारास आपण शहाणा म्हणतो. देवराई हे पूर्वजांनी देवाच्या नावे ठेवलेले मुद्दल आहे. त्यास हात न लावणे, हीसुद्धा पूजाच होय.