ट्रायआउटच्या दिवशी आईबाबांनी काय करावं?

न्यू जर्सीत फेब्रुवारी-मार्चमध्ये मैदानं गारठलेली असतात, त्यामुळे लिटल लीगच्या ट्रायआउट बऱ्याचदा शाळेच्या जिममध्ये होतात. पाठीवर नंबर लावलेली मुलं, क्लिपबोर्ड घेतलेले कोच आणि भिंतीला टेकलेले आपण. त्या भिंतीकडून हल्ली मराठीही बरीच ऐकू येते, "अरे, वाक ना!" या थाटाची. मी क्लिपबोर्डवाल्यांपैकी, म्हणून हे बोलणं.

आधी परीक्षेची धास्ती सोडा. गावच्या लीगमध्ये ट्रायआउटला दिलेले गुण मुख्यतः संघ तोडीस तोड व्हावेत म्हणून असतात. कोच ते पाहून आळीपाळीने मुलं निवडतात, हाच ड्राफ्ट. लिटल लीगच्या नियमानुसार सामन्यात प्रत्येक मुलाला निदान एकदा बॅटिंग आणि साधारण दोन इनिंग फील्डिंग द्यावीच लागते. ट्रॅव्हल टीमचं गणित वेगळं. तिथे खरोखर नावं गळतात.

ट्रायआउटमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला येतात चार-पाच ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), दोन-तीन उंच झेल, फर्स्ट बेसला थ्रो, थोडी बॅटिंग आणि एक धाव. एवढ्यात मूल कितीसं कळणार? म्हणून मी चेंडू अडला की नाही यापेक्षा पाय हलले का ते पाहतो. मागे एका मुलाच्या पायांमधून ओळीने तीन ग्राउंडर गेले. चौथ्याला तो स्वतःहून पुढे सरकला, ग्लोव्ह जमिनीला टेकवला. चेंडू छातीवर आदळून समोर पडला, तो त्याने उचलून नीट फर्स्ट बेसला फेकला. पाचपैकी तीन गुण लिहिले आणि शेजारी शेरा: लवकर शिकतो. ड्राफ्टच्या वेळी मला तो शेराच उपयोगी पडतो.

आपल्या घरातलं क्रिकेट इथे कामी येतं. झेल घेताना हात मागे नेण्याची सवय ग्लोव्हमध्येही दिसते. मारल्यावर बॅट हातात घेऊनच धावत सुटणारी मुलंही असतात. त्याचे गुण कापत नाहीत, पण बॅट टाकून धावायचं, हे घरी एकदा सांगून ठेवा.

आता जन्मतारीख पाहा. लीगमधलं वय 31 ऑगस्टला धरून मोजतात. म्हणजे सप्टेंबरचं मूल त्याच वयोगटातल्या ऑगस्टच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, आणि दहाव्या वर्षी वर्षभराचा फरक खांद्यांत, थ्रोमध्ये सरळ दिसतो. पूर्वी ही सीमा 31 जुलैची होती. अमेरिकेत जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंमध्ये जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये जन्मलेले ठळकपणे जास्त आढळले, ते त्यामुळेच असं मानतात. आम्ही गुणांत हुशारी म्हणून जे मोजतो, त्यात वाढदिवसाचा वाटा असतोच. तुमचं मूल ऑगस्टचं असेल तर कमी गुणांनी लगेच खचू नका; सप्टेंबरचं असेल तर फार हुरळूनही जाऊ नका.

परतताना गाडीत "किती चुकले?" असं विचारू नका, त्याला ते पाठ असतं. आणि रात्री कोचला गुण विचारणारा ईमेल नको. घरी कशाचा सराव घेऊ, एवढंच विचारा. त्याचं उत्तर आम्ही आनंदाने देतो.