पाणीपट्टीचा हिशेब आणि स्वच्छ आज्ञावली

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोहचे मातीचे धरण आहे. त्याच्या कालव्यांचे पाणी गोंदियाबरोबर गडचिरोली जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांनाही मिळते. हे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्याला पाणीपट्टी भरावी लागते. तिचा हिशेब सोपा आहे : भिजलेले क्षेत्र गुणिले हंगामाचा दर. असा हिशेब हजारो खातेदारांसाठी करायचा असेल, तर संगणकाला एक छोटी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट, लिहून देता येईल.

विद्यार्थी मित्रहो, अशी आज्ञावली कोणी पुढीलप्रमाणे लिहिली आहे असे समजा. (यातील दर केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत.)

क = ख × ५००
जर म = २ तर क = ख × ७५०

संगणकाला यात काहीच अडचण नाही. तो दोन्ही ओळी बिनतक्रार पाळील. परंतु आपल्याला हे वाचून काय कळते? ‘ख’ म्हणजे एकर की हेक्टर? ‘म’ म्हणजे महिना की हंगाम? ५०० हा आकडा कोठून आला? लिहिणाऱ्याला हे आज ठाऊक असेल. पण पाच वर्षांनी दर बदलतील, तेव्हा त्या जागी दुसराच कोणी बसलेला असेल.

बदल हा होतोच

इटियाडोहचेच पाहा. १९७० च्या सुमारास धरण पूर्ण झाले, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया. धरण जागचे हलले नाही, कालवेही तेच राहिले. कागदावरचे जिल्हे मात्र बदलले. ज्या आज्ञावलीत ‘भंडारा’ हे नाव चाळीस ठिकाणी लिहिलेले असेल, तिच्यात ते चाळीस ठिकाणी शोधावे लागेल. एक जागा राहून गेली, तर तेवढाच हिशेब चुकेल, आणि तो चुकला हे छापलेल्या कागदावरून कळणारही नाही.

जगभर याचा मोठा अनुभव इसवी सन २००० च्या आधी आला. जुन्या काळी संगणकाची स्मृती फार महाग असे. म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवीत. १९६५ ऐवजी ६५. मग ९९ नंतर येणारे ०० हे २००० की १९०० हे यंत्राला कसे कळावे? दुरुस्ती तशी लहान होती. कठीण होते ते लक्षावधी ओळींतून तारखा शोधून काढणे. ज्या ठिकाणी नावे अर्थहीन होती आणि टिपा नव्हत्या, त्या ठिकाणी एकेक ओळ वाचावी लागली. मुंबई-पुण्यातील अनेक तरुण या कामात होते.

म्हणून आज्ञावली लिहिण्याचे काही संकेत ठरले आहेत. पायथन या भाषेची अशी नियमावली २००१ साली प्रसिद्ध झाली. आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि अनेकदा वाचली जाते, हा तिचा पाया आहे. त्यांतील मुख्य संकेत आपल्या उदाहरणावर लावून पाहू.

१. नावात अर्थ आणि एकक असावे

शेतकरी जमीन एकरात सांगतो. सातबाऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये असते. एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर. दोन एकरांच्या शेतीचे खरे क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणून पाणीपट्टी सुमारे ४०५ रुपये. पण ‘ख’च्या जागी २ हाच आकडा गेला, तर बिल होईल १,००० रुपये! ‘क्षेत्र_हेक्टर’ असे नाव दिले असते, तर आकडा भरणारा तेथेच थबकला असता.

ही चूक थोरामोठ्यांकडूनही होते. मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकन यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका आज्ञावलीने आवेग पौंड-सेकंदात दिला होता, तर दुसरीने तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे.

२. बदलणारे आकडे एकाच जागी, वरती लिहावेत

खरीप_दर = ५००
रब्बी_दर = ७५०
एकर_प्रति_हेक्टर = २.४७१

क्षेत्र_हेक्टर = क्षेत्र_एकर ÷ एकर_प्रति_हेक्टर
पाणीपट्टी = क्षेत्र_हेक्टर × हंगाम_दर

दर बदलला की वरची एक ओळ बदलावी. खालच्या हिशेबाला हात लावू नये. प्रत्येक दराशेजारी तो कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही लिहावे, म्हणजे मागील वर्षाची थकबाकी जुन्याच दराने काढता येईल.

३. एका तुकड्याने एकच काम करावे

तारखेवरून हंगाम ठरविणे, एकराचे हेक्टर करणे, रक्कम काढणे आणि बिल छापणे ही चार निराळी कामे आहेत. त्यांच्या चार उपआज्ञावल्या कराव्यात. बिघाड झाला तर तो कोणत्या कप्प्यात आहे हे लवकर सापडते.

४. टिपेत ‘काय’ यापेक्षा ‘का’ सांगावे

‘येथे गुणाकार केला’ ही टीप निरुपयोगी आहे, गुणाकार दिसतोच. ‘सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणून येथे एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष घेतलेले नाही’ ही टीप पुढच्या माणसाला एका मोठ्या चुकीपासून वाचवील.

५. माहिती नसेल तर अंदाज न बांधता थांबावे

क्षेत्राचा रकाना कोरा असेल, तर शून्य धरून पुढे जाऊ नये. ‘या खातेदाराचे क्षेत्र भरलेले नाही’ असे सांगून आज्ञावलीने थांबावे. मुकाट्याने दिलेले चुकीचे उत्तर उघड अडथळ्यापेक्षा अधिक घातक असते.

६. सीमेवर तपासावे

व्हर्नियर वापरण्यापूर्वी आपण तिची शून्यत्रुटी पाहतो. तसेच आज्ञावलीला आधी अशी उदाहरणे द्यावीत की ज्यांची उत्तरे हाताने काढलेली आहेत : शून्य हेक्टर, एक हेक्टर, दोन एकर. तारखांच्या सीमा तर अवश्य तपासाव्यात. खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी आणि उन्हाळी १ मार्च ते ३० जून असे हंगाम धरले जातात. हेच शब्द जसेच्या तसे आज्ञावलीत उतरविले, तर २९ फेब्रुवारी कोणत्याच हंगामात बसत नाही! हा दोष तीन वर्षे झाकलेला राहील आणि चौथ्या वर्षी वर येईल. ‘रब्बी : १ मार्चच्या आधी’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

हे सर्व संकेत आपल्या ओळखीचे आहेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण राशीचे नाव, एकक, सूत्र आणि निरीक्षण वेगवेगळे लिहितो. दुसऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता यावा हा त्यामागील हेतू असतो. आज्ञावलीलाही तीच शिस्त हवी. पाणीपट्टीचे बिल हाती आलेल्या शेतकऱ्याने ‘हा आकडा कसा आला?’ असे विचारले, तर समोरच्या कर्मचाऱ्याला आज्ञावली वाचून त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

करून पाहा

१) वरील दराने ३.५ एकर रब्बी पिकाची पाणीपट्टी काढा. (उत्तर : सुमारे १,०६२ रुपये)

२) धरणाचा साठा कोणी टीएमसीत सांगतो, कोणी दशलक्ष घनमीटरांत. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर. या रूपांतराची आज्ञावली लिहा. नावे अशी द्या की एकक विसरता येणार नाही.

३) आपली आज्ञावली काहीही न समजावता शेजारच्या मित्राला द्या. दर बदलून खरीप ५५० करण्यास सांगा. त्याला किती ओळींना हात लावावा लागला ते मोजा. शिक्षकांनी हा प्रयोग सर्व वर्गाकडून करवून घ्यावा. एकापेक्षा अधिक ओळी बदलाव्या लागल्या, तर दुसरा संकेत पुन्हा वाचावा.