पक्षाघातानंतरचे पुनर्वसन : भौतिकोपचार आणि रक्तदाब

पक्षाघात, अर्धांगवायू अथवा लकवा हा शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार होय, असा समज ग्रामीण भागात अद्यापही आढळतो. गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास करून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी हा समज खोटा ठरविला. नोंदलेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे दर सातांमागे एक मृत्यू पक्षाघाताने झाला होता. यांतील बहुतेक माणसे घरीच दगावली.

जे वाचतात त्यांचे पुढे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की तेथील पेशी मरतात. त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. मात्र मेंदूचे शाबूत भाग सरावाने ते काम काही अंशी शिकून घेतात. म्हणूनच उठणे, बसणे, पेला तोंडाशी नेणे या क्रिया शेकडो वेळा करवून घ्याव्या लागतात. या शास्त्रास भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी म्हणतात. कबुतराच्या रक्ताने मालीश केल्यास लकवा बरा होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या काही आठवड्यांत अनेक रुग्ण निसर्गतःच थोडेफार सुधारतात आणि श्रेय मात्र बिचाऱ्या कबुतराला मिळते.

रुग्णास किती लवकर उठवावे? पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळून आले की, पहिल्या २४ तासांतच वारंवार व दीर्घकाळ उठविलेल्या रुग्णांची प्रगती नेहमीच्या पद्धतीने उठविलेल्यांपेक्षा किंचित कमीच झाली. तात्पर्य, उतावीळपणा नको. त्याचबरोबर महिनोन्‌महिने खाटेवर निजवून ठेवणेही घातक आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे थोडे परंतु नित्य, असा क्रम असावा.

आपल्या देशातील एक प्रयोग येथे आवर्जून सांगितला पाहिजे. भौतिकोपचार तज्ज्ञ गावोगाव उपलब्ध नाहीत. तेव्हा घरच्या माणसांनाच शिकविले तर? १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर हे पडताळून पाहण्यात आले. निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायामाचे प्रशिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के रुग्ण मृत अथवा परावलंबी असल्याचे आढळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष निराशाजनक खरा, परंतु घरची शुश्रूषा व्यर्थ आहे असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कुटुंबाला थोडेसे शिकवून तज्ज्ञाची उणीव भरून निघत नाही, इतकाच त्याचा अर्थ. तज्ज्ञांची सोय वाढविण्याची जबाबदारी शासकीय यंत्रणेला कुटुंबाच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

एक गोष्ट मात्र कुटुंबाच्या हाती निश्चित आहे, ती म्हणजे रक्तदाबावरील औषध. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत प्रमुख कारण होय, आणि एकदा झटका आलेल्यास दुसरा येण्याचा धोका मोठा असतो. ६,१०५ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे चार वर्षांत औषध न घेणाऱ्या शंभरांपैकी १४ जणांना पुन्हा झटका आला. घेणाऱ्यांत हे प्रमाण १० होते. मोठ्या कष्टाने मिळविलेली चाल एका नव्या झटक्याने एका रात्रीत नाहीशी होते. "आता बरे वाटते" म्हणून गोळी बंद करणे हे त्याचे नेहमीचे कारण. रक्तदाब वाढल्याचे बहुधा जाणवतच नाही, म्हणून तो मोजूनच कळतो. उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय आहे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. व्यायाम करताना श्वास रोखून जोर लावू नये, त्याने दाब चढतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गिळता येते की नाही हे तपासल्याखेरीज रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नये. हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, अन्यथा पाठीस जखमा होतात. लुळा हात धरून त्यास ओढू नये. त्यामुळे खांदा निखळतो व पुढे कायमचा दुखतो. सदरा घालताना लुळा हात प्रथम बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा.