हात धरून उठवणारे: आद्य मंडळीतील नम्रता आणि आरोग्यदान

वाचनासाठी शास्त्रपाठ: प्रेषितांची कृत्ये ३:१-१६, ८:१४-२४, १४:८-२०, २८:१-१०, याकोब ५:१३-१६, २ तीमथ्य ४:२०



पुंडलिकनगरच्या आमच्या कार्यालयात दर महिन्याला कन्नड, सोयगाव भागातील सेवक एकत्र बसतात. आजाऱ्यांसाठी प्रार्थना कशी करावी, हा प्रश्न त्या बैठकीत हमखास निघतो. वाड्या-वस्त्यांवर दवाखाना दूर असतो आणि प्रार्थना करणारा सेवक जवळ असतो, म्हणून हा प्रश्न साधा नाही. त्याच्या उत्तरावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. या तिमाहीत आपण हाच प्रश्न आद्य मंडळीला विचारू या. आजारी माणसासमोर प्रेषित कसे उभे राहिले? बरे झालेल्या माणसाचे त्यांनी काय केले? आणि जो बरा झाला नाही, त्याला ते काय म्हणाले?

१. सुंदर दरवाजापाशी

मंदिराच्या दारात रोज आणून बसवला जाणारा मनुष्य जन्मापासून पांगळा होता. त्याचे वय चाळिशीच्या पुढे होते, असे लूक पुढच्या अध्यायात सांगतो. म्हणजे चाळीस वर्षे दुसऱ्यांनी उचलून नेल्याशिवाय तो कुठे गेला नव्हता. पेत्राजवळ रुपे-सोने नव्हते. त्याने येशूच्या नावाने आज्ञा केली, त्या माणसाचा उजवा हात धरला आणि त्याला उठवले.

यानंतर काय घडते तेही पाहा. तो मनुष्य स्वतःच्या पायांनी मंदिरात जातो. लोक धावत येतात, तेव्हा पेत्र त्यांना विचारतो की आमच्याकडे असे टक लावून का पाहता? हे आमच्या सामर्थ्याने किंवा सुभक्तीने झालेले नाही. इथे ‘सुभक्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माझ्यात शक्ती नाही, असे म्हणणे त्या मानाने सोपे असते. पण माझ्या उपासामुळे, माझ्या रात्रभराच्या प्रार्थनेमुळे हा बरा झाला, असा विचार मनात सहज शिरतो. पेत्राने तोही दरवाजा बंद केला.

२. लुस्त्रातले हार

लुस्त्र नगरात पौल आणि बर्णबा यांच्यासमोर असाच एक पांगळा मनुष्य उठून चालू लागला. लोक आपल्या लुकवनी बोलीत ओरडू लागले की देवच माणसांच्या रूपाने उतरले आहेत. बर्णबाला त्यांनी ज्यूस ठरवले, पौलाला हर्मेस. पुजारी बैल आणि हार घेऊन वेशीपाशी आला. प्रेषितांनी आपली वस्त्रे फाडली, गर्दीत धाव घेतली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले.

हार नाकारण्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. दुसऱ्या गावांहून आलेल्या विरोधकांनी लोकांचे मन फिरवले आणि पौलाला दगडमार झाला. लोक ज्याला देव करतात त्याला दगड मारायलाही त्यांना वेळ लागत नाही, एवढा धडा यातून घेता येतो. पण मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. पौलाने त्या हारांचा वापर करून घेतला नाही. आधी यांना जवळ तर येऊ दे, मग सत्य सांगू, असा हिशेब त्याने केला नाही.

याच्या उलट चित्र आठव्या अध्यायात आहे. शोमरोनातील शिमोन पूर्वी जादूटोणा करत असे आणि लोक त्याला मोठा मानत. प्रेषितांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने तो अधिकार पैसे देऊन मागितला. त्याला लोकांची सेवा हवी होती की जुने मोठेपण परत हवे होते? पेत्राने त्याला फार कडक शब्दांत फटकारले.

आपल्या भागात हे नीट समजून घेण्याची गरज आहे. वस्तीवर भगत असतो. आजार आला की त्याच्याकडे जायचे, तो सांगेल ती कोंबडी द्यायची, त्याचा शब्द मोडायचा नाही. त्याला झाडपाल्याची जाण असते आणि लोकांच्या दुःखात तो बसलेला असतो, म्हणून त्याची टिंगल करणे बरे नव्हे. पण प्रार्थना करणारा सेवक त्याच खुर्चीवर जाऊन बसला, तर माणूस मोकळा झाला नाही. फक्त मालक बदलला.

३. आजारी बोलावतो, वडील जातात

याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाची रचना लक्षपूर्वक वाचा. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवायचे आहे. तो मोठ्या मंडपात जाऊन रांगेत उभा राहत नाही. वडील त्याच्या घरी जातात. ‘वडील’ हा शब्दही अनेकवचनी आहे, कोणी एकटा प्रसिद्ध प्रार्थना करणारा नाही. ते तेल लावतात. त्या काळी तेल हे औषधही होते. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेच ओतले होते. पुढे एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे. म्हणजे खाटेवरचा आणि खाटेशेजारचा, दोघेही देवासमोर सारखेच गरजू ठरतात.

माल्टा बेटावरही असेच दिसते. गलबत फुटल्यावर पौल इतरांबरोबर शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता. पुढे त्याने पुब्ल्याच्या वडिलांच्या ताप-हगवणीसाठी प्रार्थना केली. त्या प्रवासात त्याच्याबरोबर लूक होता आणि कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थना करणारा आणि वैद्य एकाच गलबतातून आले होते. दोघांत भांडण नव्हते.

४. जे बरे झाले नाहीत

मग न बरे झालेल्यांचे काय? पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले. तीमथ्याला पोटाच्या वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला, तेव्हा अशा माणसांचा मान राखा असे फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले. स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी पौलाने तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. यांपैकी एकालाही तुझा विश्वास कमी पडला असे तो म्हणत नाही.

सोयगाव तालुक्यातील एका भिल्ल भगिनीची हकिकत इथे सांगतो. तिला क्षयरोग झाला होता आणि सरकारी गोळ्या सुरू होत्या. तिसऱ्या महिन्यात बाहेरून आलेल्या एका वक्त्याने सभेत सांगितले की विश्वास असेल तर गोळ्या कशाला? तिने गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांनी खोकल्यातून रक्त पडू लागले, तेव्हा आमची कार्यकर्ती तिला घाटी रुग्णालयात घेऊन आली. बेडवर ती हळू आवाजात म्हणाली, “ताई, मीच विश्वासात कमी पडले.”

क्षयाच्या जंतूंनी तिचे फुप्फुस पोखरले होते. त्यावर हे दुसरे ओझे माणसाने घातले होते. तो वक्ता पुढच्या गावी निघून गेला आणि दोष हिच्या पदरी राहिला. बरे झाल्याचे श्रेय स्वतःकडे आणि बरे न झाल्याचा दोष आजाऱ्याकडे, ही वाटणी आद्य मंडळीला ठाऊक नव्हती. आज ही भगिनी पुन्हा औषधे घेत आहे. तिच्या मंडळीतील दोघी जणी रोज तिच्याकडे जातात, गोळी घेईपर्यंत बसतात आणि प्रार्थना करून उठतात. याकोबाच्या पत्राचा अर्थ मला त्या दोघींनी जास्त समजावला.

५. पुढची शतके आणि आपली माती

इ. स. २५० नंतरच्या काळात रोमी साम्राज्यात भयंकर साथ पसरली. आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस याच्या पत्रातून कळते की लोक आपल्याच आजाऱ्यांना रस्त्यावर टाकत असताना ख्रिस्ती वडील, सेवक आणि साधे विश्वासणारे त्यांची शुश्रूषा करत होते. त्यांतले कित्येक स्वतः मरण पावले. तिथे चमत्काराची जाहिरात नव्हती. अंग पुसणे, पाणी पाजणे, मृताचे डोळे मिटणे होते. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने नगराबाहेर गरीब, वाटसरू आणि आजारी यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले. तो श्रीमंत घरातला, अथेन्सला शिकलेला. तरी कुष्ठरोग्यांना भाऊ मानून जवळ घेई, असे त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो.

आपल्या महाराष्ट्रातही हा धागा आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा जन्म ब्राह्मण घराण्यातला. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल येथे मातंग आणि महार समाजातील ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत वसवली. ज्यांची सावलीही टाळली जात होती त्यांच्यात जाऊन राहणे, हेही एका जुन्या जखमेवर तेल लावणेच होते. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले आणि थोड्याच वर्षांत तिथे भारतीय तरुणांना वैद्यकीय शिक्षण मिळू लागले. आपली विद्या आपल्याच हातात ठेवली असती तर मोठे नाव एकट्याचे झाले असते. ती वाटली, म्हणून हात वाढले.

६. आपल्या सेवेसाठी तीन गोष्टी

पहिली, औषध थांबवू नये. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. आधी ही रक्कम ५०० होती. साप किंवा विंचू चावल्यास आधी गाडी काढावी आणि प्रार्थना गाडीत करावी. अशा वेळी माणसाला उपचारापासून रोखणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

दुसरी, एकट्याने जाऊ नये. दोघा-तिघांनी जावे, त्यांत बहिणीही असाव्यात, आणि आजाऱ्याने बोलावल्यावर जावे.

तिसरी गोष्ट तुम्हा पाठीराख्यांसाठी आहे. तुम्ही प्रेमाने विचारता, किती जण बरे झाले? आम्ही आनंदाने सांगू. पण बरे न झालेल्यांची नावेही प्रार्थनेत मागा. त्यांच्याजवळ बसणारी सेवा अहवालात लहान दिसते, पण देवाजवळ तिची नोंद आहे. आणि आजाऱ्याचा फोटो छापला नाही म्हणून रागावू नका. दरवाजापाशी बसलेला तो मनुष्य स्वतःच्या पायांनी मंदिरात गेला. पेत्राने त्याला पुरावा म्हणून गावोगाव फिरवले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणी बरे झाले तर साक्षीत कोणाचे नाव जास्त वेळा येते?
२. बरे न झालेल्या माणसाला आपल्या उपासनेत मोकळेपणाने बसता येते का?
३. आपल्या भागातील आरोग्य उपकेंद्र आणि आशाताई यांच्याशी आपली ओळख आहे का?

प्रार्थना

हे प्रभू, तू आजाऱ्यांना हात लावलास आणि शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या हातांना तुझी कोमलता दे. कोणी उठला तर आम्हाला बाजूला होण्यास शिकव आणि कोणी खाटेवरच राहिला तर त्याच्याजवळ बसण्यास शिकव. डोंगरातल्या वस्त्यांवरील आमच्या आजारी बंधुभगिनींची आठवण ठेव. येशूच्या नावात मागतो. आमेन.