माळ्यावरच्या पडद्याला यजमान मिळेल का?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर हिरव्या अक्षरांचा एक जुना कॉम्प्युटर आहे. वडिलांनी तो ऑफिसच्या लिलावातून आणला होता. पडदा आहे, कीबोर्ड आहे, पण मधला डबा कुठे सापडत नाही. भाचा म्हणतो, लॅपटॉपला जोडता येईल. खरंच येईल, की वजनावर देऊन टाकू?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : डबा हरवलेला नाही, तो कधी नव्हताच. तुमच्याकडे आहे ते टर्मिनल. ऑफिसांत त्याला सर्रास ‘डंब टर्मिनल’ म्हणत, आणि ते अगदीच खोटे नव्हते. कळ दाबली की अक्षर तारेतून दुसऱ्या यंत्राकडे जायचे आणि तिकडून जे येईल ते पडद्यावर उमटायचे. हिशेब, साठवण, डोके सगळे त्या यंत्राचे. त्याला होस्ट म्हणतात. आपण यजमान म्हणू.

ही जोडी बडोदेकरांनी रांगेत उभे राहून पाहिली आहे. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८६च्या सुमारास दिल्लीत व्हॅक्स यंत्रांवर सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद धरून पाच केंद्रे झाली आणि १९९९ साली ती एकमेकांशी जोडली गेली. पश्चिम रेल्वेचे केंद्र मुंबईला. म्हणजे बडोदे स्टेशनच्या खिडकीतला बाबू तुमचा बर्थ शोधायचा तो मुंबईच्या यंत्रात. ‘लिंक फेल’ म्हटले की समोरचा पडदा उजळलेला असूनही रांग जागची हलत नसे, ती यामुळेच.

तेव्हा तुम्हाला हवा आहे तो यजमान, आणि ते काम लॅपटॉप आनंदाने करील. भाचा बरोबर आहे. फक्त आधी टर्मिनल फिरवून त्याची पाठ बघा.

तिथे पंचवीस पिनांचे लांबट सॉकेट असेल तर नशीब काढलेत. डेक कंपनीचे व्हीटी१०० आणि व्हीटी२२०, शिवाय वाइजची टर्मिनले, सगळी याच घराण्यातली. लॅपटॉपसाठी यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि एक ‘नल मोडेम’ केबल घ्या. या केबलमध्ये एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेवर जाते. साध्या केबलने दोघेही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. केबल घेण्याआधी एक परीक्षा करा : टर्मिनल बंद असताना त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, मग सुरू करून टाइप करा. अक्षर पडद्यावर उमटले तर तोंड आणि कान शाबूत आहेत.

पुढचे काम लिनक्सवर सोपे. वेग दोन्हीकडे ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही. सिरियल पोर्टवर ‘गेटी’ हा छोटा प्रोग्रॅम चालू केला की हिरव्या अक्षरांत लॉगिन विचारले जाते. लॅपटॉपला वेगळी भाषा शिकवावी लागत नाही, कारण लिनक्सची काळी खिडकी आजही १९७८च्या व्हीटी१००च्याच खुणा वापरते. ९६००च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे येतात. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरे, म्हणजे पूर्ण पान भरायला दोन सेकंद. पान वरून खाली भरत जाताना दिसते. माझ्या मते सारी गंमत त्या दोन सेकंदांत आहे. यजमानही त्याच काळातला हवा असेल तर ‘सिमएच’ हा इम्युलेटर लॅपटॉपच्या पोटात पीडीपी-११ किंवा व्हॅक्स उभा करतो.

रास्पबेरी पायच्या पिनांना मात्र हे टर्मिनल थेट जोडू नका. त्या ३.३ व्होल्टच्या, टर्मिनलचे सिग्नल उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत जाणारे, पाय जळेल.

मराठी दिसेल का, हे तुम्ही विचारले नाहीत, पण विचाराल. बहुतेक टर्मिनलांत फक्त रोमन लिपी असते. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ टर्मिनलांवर देवनागरी उमटे, पण ती ‘इस्की’ संकेतातली. आजच्या युनिकोडसाठी मध्ये दुभाष्या प्रोग्रॅम लागेल.

पाठीवर टीव्हीच्या केबलसारखे गोल सॉकेट असेल तर ते आयबीएमच्या ३२७० घराण्याचे असण्याची शक्यता आहे. हे घराणे १९७१चे आणि मानी. एकेक अक्षर पाठवत नाही. फॉर्म भरून एंटर दाबलात की सगळे एकदम. अक्षरांचे आकडेही वेगळे, आपला ए ६५ तर यांचा १९३. मध्ये ३१७४सारखे कंट्रोलर यंत्र लागते, किंवा हौशी मंडळींनी त्याच्याऐवजी बनवलेले यूएसबी बोर्ड. त्यापलीकडे १९९९मध्ये आलेला ‘हर्क्युलिस’ इम्युलेटर जुने मेनफ्रेम लॅपटॉपवर चालवून दाखवतो. होते, पण पहिलाच प्रयोग इथून करू नका.

एक ताकीद. पाठीचे कव्हर स्वतः उघडू नका; प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. काचेआड बुरशीसारखे डाग दिसले तर बहुधा तो दोन काचांमधला कुजलेला डिंक असतो. ट्यूब चालू असू शकते.

वजनावर देऊ नका. टर्मिनलच्या पाठीचा आणि मागच्या पट्टीवरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. केबल कोणती ते पुढच्या अंकात सांगतो.